चायना ग्रास घातलेली बिअर

बिअर चाकूने कापता येते, हे जपानात, सेंदाईला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

आई गेल्यावर मी बाबांना इकडे घेऊन आलो. आम्ही दोघेही मुळात अबोल; आमच्या वाटचं आईच बोलायची. आता माझी बायको आणि मुलगी बाहेर पडल्या, की घरात इतकी शांतता, की फ्रिजची घरघर ऐकून कुणीतरी आल्यासारखं वाटायचं! त्यात बाबांचा एकच घोशा : "मला परत जायचंय. घर बंद आहे." पुण्यातल्या त्या रिकाम्या घरात त्यांना एकटं पाठवणं माझ्या जिवावर आलं होतं. पण "थांबा ना" असं म्हणायची आमच्यात पद्धत नाही.

म्हणून मी बिअर करायला घेतली. (हसू नका. बाबा दर शनिवारी एक ग्लास घेत आणि घरच्या बिअरला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस तरी थांबतील, हा माझा कावा!) इथे घरी एक टक्क्याहून जास्त अल्कोहोलची दारू करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे आमची बिअर कोकम सरबताइतकीच धोकादायक होती.

बाबा थांबले. रोज बरणीसमोर खुर्ची टाकून बसू लागले. पण बिअर काही निवळेना! थेट पावसाळ्यातलं नळाचं पाणी.

"हे मी पिणार नाही," बाबा म्हणाले. "मी ग्लास उजेडाला धरून बघतो. तुझी आई म्हणायची, 'अहो, प्या आता, मोती शोधताय का त्यात?'"

आई गेल्यापासून तिच्याबद्दल बाबा पहिल्यांदाच काही बोलले होते. आता तर बिअर निवळायलाच हवी होती!

बिअरच्या सामानासोबत ती निवळवायची पूड आली होती.

"ही कशाची असते?"

"जिलेटिन. म्हणजे... हाडांची."

"हाडांची?" बाबांनी बरणी स्वतःकडे ओढली. "अरे, तिचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून!"

"दुसरी एक मिळते, माशाच्या..."

"पुढे बोलू नकोस!"

(बिअर चालते, हाड चालत नाही. या धर्मशास्त्राशी मी कधीच वाद घातलेला नाही.)

मग कुठेतरी वाचलं, की एका समुद्री शेवाळानेही गाळ खाली बसतो. शेवाळ तर आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं! कान्तेन, म्हणजे आपलं चायना ग्रास. शेवाळ ते शेवाळ, असा विचार करून मी पाकिटं आणली आणि पाण्यात उकळायला लागलो.

"अरे, किती घालतोयस?" अश्विनी, म्हणजे माझी बायको, ओरडली. "एका पाकिटात माझं अख्खं पुडिंग उभं राहतं!"

"ते पुडिंग. हे शास्त्र आहे."

ते सगळं बिअरमध्ये ओतून बरणी फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी बाबा ग्लास धरून तयार. मी बरणी तिरकी केली. काही नाही. आणखी तिरकी केली. शेवटी चक्क उलटी धरली! एक थेंब पडेल तर शपथ. गाळ खाली बसायचा सोडून होता तिथेच, मधोमध, थिजला होता.

"झेरी!" मुलगी नाचायला लागली. (जेली. ती आमच्याशी भांडतेसुद्धा जपानीतच.)

बाबांनी बरणीला टिचकी मारली. बिअर हलली, पण सगळी एकदम.

"तुझी पीएच.डी. कशात आहे रे?"

"...जेल्समध्ये, बाबा."

"मग बरोबर आहे."

आणि बाबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग ठसका लागला, मग डोळ्यांतून पाणी. "ती असती ना..." एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मलाही माझा पुसावा लागला.

मग त्यांनी चाकू मागितला, ताटात बिअरच्या सुबक वड्या पाडल्या, आणि एक तोंडात टाकून पुण्याला आत्याला फोन लावला.

"सुमन, मी इतक्यात येत नाही गं. तिकीट पुढे ढकलतोय... छे छे, मी ठणठणीत आहे. पण याला असं सोडून यायचं म्हणजे... सूनबाई बिचारी एकटी कुठवर लक्ष ठेवणार?"