‘थांबा’ म्हणायचा हक्क

करीमभाई गेल्याची बातमी मला कळंबच्या एसटी स्टँडवर कंडक्टरने दिली. तिकीट फाडता फाडता तो म्हणाला, "तुमचे मशीनवाले मिस्त्री गेले की हो... काल दफन झालं." उस्मानाबादला राहत्या घरी, तापाने, खाटेवर ते वारले. ज्याचे सारे आयुष्य टांगलेल्या लोखंडाजवळ गेले त्याला अंथरुणावर मरण यावे, ही गोष्ट मुद्दाम नोंदवावी अशी आहे.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर आमच्या भागात ऑइल इंजिने आणि जिनिंगची यंत्रे येऊ लागली. ती बाहेरून येत. उभी करणारे मजूर इथलेच, आणि एवढे वजन त्यांनी कधी हाताळलेले नसे. करीमभाई हैदराबादच्या एका वर्कशॉपात शिकलेले. काम सुरू होण्याआधी ते सगळ्यांना, पाणी वाहणाऱ्या बायांनाही, गोळा करीत आणि सांगत, "‘चढवा’ म्हणायचं ते म्या एकट्यानं. ‘थांबा’ म्हणायचं ते कुणीबी. त्याला इजाजत लागत न्हाय."

"आन् माझ्या सासूनं म्हणलं तर?" एकदा एका गड्याने विचारले.

"आधी थांबायचं. मग सासूकडं बघायचं."

कळंबजवळच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठी बांधायचा प्रेस मुहूर्तावर, समारंभाने बसवायचा होता. मी वार्ताहर म्हणून त्या समारंभाची बातमी घ्यायला गेलो होतो. तीन जाड बल्ल्या माथ्याशी बांधून घोडी उभी केली होती आणि तिला टांगलेल्या चेनपुलीने प्रेसचा खांब वर चढत होता. मालक शेठ नारळ घेऊन तयार, भटजींचे लक्ष घड्याळाकडे, पाहुणे खुर्च्यांवर. तेवढ्यात सोनाबाई नावाची पाणी वाहणारी बाई ओरडली, "थांबा! पाय सरकला!"

साखळी जागच्या जागी थांबली. खांब जमिनीवर उतरवून करीमभाईंनी घोडीचे तिन्ही पाय हाताने तपासले. काहीही सरकले नव्हते. उन्हात हलणारी सावली बाईला तशी दिसली होती. या तपासणीत मुहूर्त टळला.

शेठ संतापले. "उद्यापसनं ही बाई कामावर नको."

सोनाबाई घागर धरून उभी होती. नवरा अंथरुणाला खिळलेला. घर तिच्याच मजुरीवर चाले. करीमभाई हात पुसत शेठजींपुढे आले. "शेठ, हिला काढलं तर ह्यो खांब म्या चढवणार न्हाय."

"म्हंजी कुणीबी बोंबलावं आन् आमी मुहूर्त घालवावा?"

"व्हय. आज खोटी ठरली म्हणून हिला घरी धाडली, तर उद्या ज्याला खरंच दिसंल त्योबी गप बसंल. मग खाली माणूस घावंल."

करीमभाई भटजींकडे वळले. "महाराज, तुमच्या पंचांगात दुसरा मुहूर्त नसंल तर आमच्या कॅलेंडरात बघू का?"

आधी भटजीच हसले. म्हणाले, दुपारचाही बरा आहे. शेठ कुरकुरले, पण बाई राहिली, आणि दुपारी खांब उभा झाला. माझ्या बातमीत पाहुण्यांची नावे आली. हा प्रसंग आला नाही. पुढे त्या कामावर कुणाला इजा झाली नाही. ती त्या दिवसामुळेच झाली नाही, असे म्हणायला मात्र पुरावा नाही. एवढे खरे, की नंतर करीमभाईंच्या कामावर ‘थांबा’ वारंवार ऐकू येई. बहुतेक वेळा विनाकारण. करीमभाई दर वेळी तितक्याच शांतपणे तपासत आणि म्हणत, "बरं झालं सांगितलंस."

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी उस्मानाबादला गेलो. अंगणात जेवणाची तयारी चालली होती. त्यांचा मुलगा आणि जावई भाताची वाफाळती देग चुलाणावरून उचलत होते. दारातल्या बायकांतून आवाज आला, "थांबा..."

दोघांनी देग पुन्हा चुलाणावर टेकवली. दोन्ही बाजूंच्या कड्या पाहिल्या, पायाखालची जमीन पाहिली. सगळे ठीक होते. कोण ओरडले, का ओरडले, हे कुणी विचारले नाही. मुलगा दाराकडे न बघताच म्हणाला, "बरं झालं सांगितलं," आणि त्यांनी देग उचलली.