पुन्हा विचारू नका

मास्तरांना ओळीखाली बोट फिरवल्याशिवाय वाचताच यायचं नाही. चाळीस वर्षं कापड बेतताना टेपवरचे आकडे असेच वाचले, मग टॅबलेट कसा वेगळा वाचणार? दुकानात शिवायचे ते, पण मापं घ्यायची बायको. कुणाचा खांदा उतरता, कुणाला पोट लपवून हवंय पण तसं बोलवत नाही, सगळं तिला तोंडपाठ. तिला अर्धांगाचा पहिला झटका आला तेव्हा लेकीनं शहाणपणा केला आणि आईला विचारून ते सारं टॅबलेटवरच्या वहीत उतरवलं. दुसऱ्या झटक्यानं तिची वाचाच नेली.

टॅबलेटवरच रोजच्या कामांची यादीही असायची; ती संपली की पुसायला लेकीनं खाली एक लिंक ठेवली होती. घाईघाईत तीच आईच्या नोंदीखालीही आली. मास्तरांचं बोट सारखं तिच्यावर पडायचं आणि टॅबलेट विचारायचा, 'ही लिंक नोंद पुसणार आहे. पुसू?' दिवसातून दहादा तेच. माझ्याच दुकानात मलाच जाब विचारतंय म्हणून मास्तर वैतागले आणि एकदाचे 'पुन्हा विचारू नका'वर खूण करून मोकळे झाले.

दुपारी जेवणं उरकली की ते खाटेशी बसून बायकोला तिचीच नोंद वाचून दाखवत. ऐकलेलं पटलं की ती त्यांचं मनगट दाबायची. नवराबायकोचं बोलणं आता एवढंच उरलं होतं.

त्या दुपारी बोट शेवटच्या ओळीखालच्या लिंकवर गेलं आणि काही न विचारता पडदा कोरा झाला. त्यांनी बाहेर येऊन लेकीला फोन लावला. तिनं तिकडून सगळं धुंडाळलं. दुसरी प्रत तिनं ठेवलीच नव्हती.

"बाबा, ते विचारत होतं ना तुम्हाला?"

"मीच गप्प केलं गं त्याला," मास्तर म्हणाले.

आत बायको वाट बघत होती. तिला सांगायचं कुठल्या तोंडानं? ते बसले. तिनं मनगट धरलं.

"चष्म्याच्या दुकानवाले," ते आठवून म्हणाले. "डावा खांदा उतरता."

हात हलला नाही.

"उजवा?"

हात तसाच. चुकलंय हे तिला कळत होतं, पण बरोबर काय ते ती सांगू शकत नव्हती. मास्तरांना रडू आलं. ती मात्र पुढच्या ओळीसाठी त्यांच्या बोटाकडे बघत राहिली, म्हणून त्यांनी कोऱ्या पडद्यावर बोट फिरवायला सुरुवात केली.