दोन गोष्टी हायेत

बाबांचा फोन आला की आधी हजेरी लागायची. "हॅलो, तेल्हाऱ्यावून तुया बाबा बोलून राहिलो. दोन गोष्टी हायेत." नंबर दिसतो, तरी दर वेळी हेच! मी तेव्हा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, त्यात तिरसट. "बाबा, मुद्द्याचं बोला," म्हणायची. मग एक गोष्ट कापसाची, एक आईच्या गुडघ्याची, आणि न चुकता तिसरी, "जेवली काय?"

"दोन म्हणता अन् तीन सांगता!"

"ते मोजाची गोष्ट नोय वं, बाई."

माझा प्रोजेक्ट दोन रेडिओंचा होता. एक पाठवणारा, एक ऐकणारा. बाकी सगळं काम लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर करायचं. मजकुराच्या आधी हेडर जोडायचं: कोणाकडून, कोणाला, मजकूर केवढा. हेडर अन् मजकूर मिळून एक पॅकेट. मी हौसेनं मराठीत "हॅलो बाबा" पाठवत होते आणि ऐकणारा रेडिओ प्रत्येक पॅकेट फेकून देत होता. आठवडाभर डोकं फोडलं, बाप्पा! मग कळलं. मी चिन्हं मोजून आकडा लिहिला होता, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन-तीन बाइट खातं. हेडरमध्ये कमी सांगितलेलं, आत मजकूर जास्त. थेट बाबांसारखं! त्यांना सांगितलं तर म्हणाले, "त्या रेडिओलेच समज नाही."

मागच्या वर्षी बाबांना लकवा मारला. अकोल्याच्या दवाखान्यात जीव वाचला, पण बोलणं गेलं. परत येईल का, ते डॉक्टरही सांगेनात. आई त्यांच्या कानाशी फोन धरायची, मी एकटीच बडबडायची, पलीकडून नुसता श्वास यायचा. फोन ठेवला की मी रडायची, खोटं कशाला सांगू.

परवा दुपारी डबा उघडत होते, तेवढ्यात फोन वाजला. आईच असेल म्हणून उचलला.

"हॅ... लो. तेल्... हाऱ्यावून... बाबा."

मी डबा बाजूला सारला.

"एक... गोष्ट... हाये."

पुढे काहीच नाही. माझ्या रेडिओनं एव्हाना पॅकेट फेकून दिलं असतं. मी फोन दोन्ही हातांनी धरला. "बोला बाबा. मी ऐकून राहिली. सावकाश बोला."



"जेवली... काय?"

या वेळी त्यांनी ही गोष्ट मोजली होती.