मेल्या मशीनचं का जित्त्या?

फिटरमामांच्या हातात कुठलाही जुना पार्ट दिला, की तो कशाचा आहे हे ते आधी सांगत नसत. आधी विचारत, "मेल्या मशीनचं हाय का जित्त्या?" मशीन भंगारात गेल्यावर निघालेलं लोखंड त्यांना चाले. चालत्या मशीनमधून काढलेलं असलं, की त्यांचा चेहरा उतरे. "याच्याबिगर तिकडं मशीन चालून राह्यली," ते म्हणत, "अन् कोनीतरी तिच्यापाशी उभं हाय." मग समोरचा चहा तसाच निवून जाई.

दारव्ह्याला माझं जुन्या पार्टांचं दुकान आहे. नवरा ट्रकवर, म्हणून गल्ल्यावर मी. बाईमाणसाला नटबोल्टातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांची तोंडं मी मामांनी शिकवलेल्या विद्येवर बंद केली. मामा राजूरकडे कोळशाच्या खाणीत फिटर होते. रिटायर होऊन गावी परतले आणि दर बाजाराच्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये बसून माझ्या दुकानी येऊ लागले. खाणीत त्यांनी काय काय पाहिलं होतं ते कधी सांगितलं नाही. वस्तूवरून अंगठा फिरवायचे, भोकात करंगळी घालायचे आणि सांगायचे. चुकलेले मी पाहिले नाहीत. याचा मला थोडा हेवाही वाटे.

त्यांच्या या प्रश्नापायी माझं गिऱ्हाईक मात्र तुटायचं. एकदा, हात जाऊ नये म्हणून मशीनच्या पट्ट्यावर बसवतात ती जाळी घ्यायला माणूस उभा, आणि मामा म्हणाले, "हे विकू नको, जिची हाय तिले परत दे." मी चिडले. म्हटलं, "मामा, मी दुकान टाकलं, धर्मशाळा नाही."

"धर्मशाळेतबी कोन कुठून आलं ते इचारतात, पोरी," मामा शांतपणे म्हणाले. जाळी परत गेली.

सोयाबीनच्या हंगामात एका बाजाराच्या दिवशी, मामा उठून गेल्यावर, खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या भंगारवाल्याने एक विचित्र वस्तू आणून टाकली. हातभर लांब लोखंडी फळी, एका बाजूला ट्रकच्या दाराची बिजागरी, दुसऱ्या बाजूला वाकडी सळई आणि स्प्रिंग. मी ती काउंटरवर मांडली. शेजारचा सायकलवाला म्हणाला, उंदराचा पिंजरा. टेलरने ती शिवणयंत्राच्या पायडलला लावून पाहिली. आठवडाभर आमची करमणूक झाली. मामांना फोन करावा असं दुसऱ्याच दिवशी मनात आलं होतं. नंबर काढलाही होता. पण ते आले असते, पहिला प्रश्न विचारला असता आणि वस्तू हातची गेली असती. शिवाय या खेपेला मला स्वतः ओळखून दाखवायचं होतं. फोन ठेवून दिला.

पुढच्या बाजाराला मामा आले. दारातूनच त्यांना फळी दिसली. त्या दिवशी त्यांनी तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही. वेल्डिंगवरून अंगठा फिरवला आणि खाली बसले.

"हे मीच केलं हाय," ते म्हणाले. "आमच्या गावच्या देवरावच्या मळणीच्या थ्रेशरसाठी. तोंडावर बसते. हात लई आत गेला, की कोपर फळीले लागते अन् पट्टा उतरते. मशीन थांबते."

फळीच्या सांदीत अजून सोयाबीनचा भुसा होता. मामांनी तो नखाने काढून माझ्यापुढे धरला. "जित्त्या मशीनचं." मी दुकान टेलरच्या भरवशावर टाकलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. जीपमध्ये मामा फळी मांडीवर धरून बसले होते. बाहेर शेताशेतांतून थ्रेशरांचा आवाज येत होता, धूळ उडत होती. जीप थांबली की मामा कान देऊन ऐकत.

देवरावच्या खळ्यावर आवाज नव्हता. सोयाबीनची गंजी अर्धी उभी होती, आभाळ भरून आलं होतं, आणि थ्रेशरवर ताडपत्री टाकलेली होती. ऐन हंगामात झाकलेलं मशीन पाहून मी खळ्याच्या कडेलाच थांबले.

देवराव ओट्यावर बसला होता. मामांच्या हातातली फळी पाहून तो उठला नाही.

"चार दिस झाले, मामा," तो म्हणाला. "ती पेंढ्या टाकत होती. माह्या फुल बाह्यांचा शर्ट होता तिच्या अंगात."

सोयाबीन टोचतं म्हणून आमच्याकडे बाया लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट घालतात. बाही आधी ओढली गेली. त्याची बायको यवतमाळला दवाखान्यात होती, आणि उजवा हात कोपरापासून गेला होता.

"काहून काढलं होतं हे?" मामांनी विचारलं.

"पेंढ्या ओल्या होत्या. फळीले लागत, पट्टा घडीघडी उतरे. पाणी येऊन राह्यलं होतं, मामा. म्या म्हटलं, दोनच दिसाचं काम हाय. काढून बांधावर टाकलं, ते भंगारवाल्यानं नेलं."

मामा थ्रेशरपाशी गेले. ताडपत्री काढली आणि पाना मागितला.

"आता कायले बसवता?" देवराव म्हणाला.

"तू मशीन विकशीन. पुढच्याच्या कामी येईन."

देवराव उठला आणि त्याने फळी खालून धरली. मामा बोल्ट आवळत राहिले. 

परतीच्या जीपमध्ये त्यांनी विचारलं, "तुह्याकडं कधी आलं होतं हे?"

"काल," मी म्हणाले. फळी आठवडाभर माझ्या काउंटरवर होती, आणि अपघाताला चारच दिवस झाले होते.

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मंग तुह्या हातात काय होतं, पोरी? काल आलं, आज आपन गेलो. तू मनाले लावून घेऊ नको."

पुढे दुकानात कोणी या गोष्टीचा विषय काढला, की मामा सगळ्यांसमोर हेच सांगत. फळी आठवडाभर पाहिलेले टेलर आणि सायकलवाला माझ्याकडे बघत आणि आपापल्या कामाला लागत. मामा गेल्या उन्हाळ्यात वारले. अजूनही रात्री झोप मोडली, की त्यांचा तो हात आठवतो आणि त्यांचंच 'तुह्या हातात काय होतं' हे वाक्य आठवून मी धीर धरते. ते मी त्यांच्याशी खोटं बोलून मिळवलं होतं.