सुट्टीच्या दिवशीची शहरं

नगररचना कार्यालयातल्या आमच्या आरेखकाला सगळे फिरस्ते म्हणतात. मी दादा म्हणतो. सुट्टी आली की ते बॅग भरून एखादं शहर बघायला निघतात. एकटेच. परतल्यावर टेबलावर रस्त्यांचे फोटो पसरतात. "बघ, काय मोकळा पदपथ आहे! आपण कधी शिकणार?" मी त्याच कार्यालयात अहवालांची भाषा तपासतो. साहित्य शिकलेल्याला दुसरं काय काम देणार?

अशा शहरांवरून दादांनी एक योजना आखली. आमची बाजारपेठ गाड्यांना कायमची बंद. मध्ये झाडं, बाक. साहेब खूश. मंजुरीची बैठक ठरली.

त्याच बाजारपेठेत वहिनींचं दुकान आहे. पाइप, सिमेंट, संडासाची भांडी. माल टेम्पोतून येतो, टेम्पोतून जातो.

"गिऱ्हाईक सिमेंटची गोणी काय पिशवीत घालून नेणार?" त्या विचारायच्या.

"तिकडे सगळे चालतात." दादांचं ठरलेलं उत्तर.

बैठकीच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला दुकानात बोलावलं. फोटोंचा गठ्ठा काउंटरवर आपटला.

"भाऊजी, खरं सांगा. दर सुट्टीला माणूस एकटा पदपथ बघायला जातो, हे तुम्हाला पटतं?"

मला कधीच पटलं नव्हतं. "कोणी आहे म्हणता?"

"शोधा. पर्स, चप्पल, सावली, काहीही."

शोधलं. बाई नव्हती. मग लक्षात आलं, कोणीच नव्हतं. रुंद रस्ता, रिकामे बाक आणि मागे ओळीने दुकानं. सगळ्यांची शटरं खाली. दुसऱ्या शहराचा फोटो घेतला. शटरं खाली. तिसऱ्याचीही.

"वहिनी, दादा कामाच्या दिवशी कधीच गेले नाहीत?"

"रजा कोण देतंय?" म्हणाल्या, आणि थबकल्या. स्टुलावर टेकल्या. "बाई असती तर परवडलं असतं हो."

तेवढ्यात दादा आले. "काय, माझ्यावर चौकशी समिती बसलीय?"

"यात एक उघडं दुकान दाखवा," वहिनी म्हणाल्या.

ते हसत फोटोंवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

बैठकीत त्यांनी स्वतःचीच योजना मागे घेतली. "मी एकही शहर चालू बाजारात पाहिलेलं नाही. माल कुठे उतरतो, मला माहीत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "कारण हेच, की बायकोचं दुकान?"

कोणीतरी फिसकन हसलं. दादांचे कान लाल झाले. वाटलं, आता फोटो काढून दाखवतील.

"दुकान समजा," ते म्हणाले. "पण रस्ता इतक्यात बंद करू नका. आधी मला कामाच्या दिवशी रजा द्या."

योजना थांबली. रजाही मिळाली. मात्र साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तूही जा सोबत. हा नक्की काय बघतो, मला कळलं पाहिजे."

संध्याकाळी वहिनींनीही मला तेच सांगितलं.