भिकाजीच्या घरचं आवतण

डॉक्टरांनी रोज तीन मैल चालायला सांगितलं, म्हणून मी धरणाच्या पाण्याला वळसा घालू लागलो. वाट सोपी, जांभ्याची, चढउतार नावालाच. सोबत लाभली ती चिमाची. म्हणजे ती पुढे आणि धापा टाकत मी मागे. साठीची बाई, पण पायाला भिंगरी.

गावची आवतणं द्यायचं काम चिमाकडे. लग्न असो की बारावं, दारापुढच्या खळ्यात उभी राहून ती हाक द्यायची, आणि आतून 'येतो' ऐकल्याशिवाय पाय हलवायची नाही. १९८० साली गाव बुडालं, घरं पाण्याच्या चहूबाजूंनी पांगली, आणि तिची फेरी एका वळशाची झाली. जुन्या सवयीने ती पाण्याकाठीही थांबायची. "हितं खाली सोनूबायचं खळं," म्हणायची. मी शाळामास्तर, भुताखेतांची टिंगल करणारा. पण तिथे मात्र मीही चपला काढून उभा राहायचो, हे कबूल करतो.

चौऱ्याऐंशीच्या वैशाखात कमळाच्या मुलीचं लग्न ठरलं. कमळाचा नवरा भिकाजी, पाणी चढत होतं त्या दिवशी, भर दुपारी दाराची फणसाची चौकट सोडवून आणतो म्हणून घराकडे गेला, तो आलाच नाही. प्रेतही सापडलं नाही. कोणी म्हणे मुंबईला गोदीत दिसला. चार वर्षं कमळा कुंकू लावून वाट पाहत होती. आता व्याही विचारत होते, बाप आहे की नाही? कन्यादान कोण करणार? दीर दादू पोफळीच्या वीजघरातून रजा काढून आला होता, पण कमळा त्याला पाटावर बसू देईना.

"चिमाकाकी, त्यांच्या घरला आवतान दे," ती म्हणाली. "जाब आला तर लगीन थांबवतंय, ते येईस्तवर. नाय आला तर कुकू पुसतंय."

मी भडकलो. पोरीचं लग्न असं पाण्यावर सोडतात का? व्याही काय जन्मभर थांबणार होते? पण चिमा निघाली, आणि मीही तिच्यामागे गेलो.

सकाळचे दहा वाजले असतील. पाणी उतरलं होतं. भिकाजीच्या घराकडे जाणाऱ्या पाखाडीच्या वरच्या तीन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, बाकीच्या हिरव्या पाण्यात खाली खाली गेलेल्या. चिमा शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहिली. "भिकाजी! लेकीचं लगीन हाय, यायचं हो!"

मला काहीच ऐकू आलं नाही. झाडीतली किड्यांची किरकिर तेवढी एकदम थांबली. चिमा मान कलती करून उभी होती. मग ती वळली आणि चालू लागली. होकार मिळाल्याशिवाय ही बाई जागची हलत नाही, हे मला आठवलं आणि मी मागे न पाहता तिच्यामागे पळालो.

कमळा खळ्यात वाट पाहत होती. दाराआड नवरी मुलगी उभी होती, हातावर मेंदी. चिमाने आधी मुलीकडे पाहिलं.

"घरात कोन नाय गो," ती म्हणाली. "लय येळ उभी ऱ्हायले."

कमळाने पदराने कुंकू पुसलं आणि तिथेच मातीत बसली. चिमा खोटं बोलली हे मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

लग्नाच्या दिवशी दादू पाटावर बसला. मुहूर्त जवळ आला तरी चिमा कुठे दिसेना. मी तडक पाखाडी गाठली.

ती गुडघाभर पाण्यात उभी होती, माझ्याकडे पाठ करून. आयुष्यात दिलेलं आवतण तिने कधी परत घेतलं नव्हतं. "येव नको रे बाबा," ती रडत म्हणत होती. "तू आलास तर पोरीचं लगीन मोडंल. म्या दिलेलं आवतान म्याच परत घेतंय. जा मागारी."

मी खाली पाहिलं. वरच्या पायरीपर्यंत ओली पावलं उमटली होती. पुरुषाची, रुंद. तिथे पावलं वळली होती आणि चिमाच्या शेजारून परत पाण्यात उतरली होती. उन्हाने ती वाळायला लागली होती.

मी हाक मारली तेव्हा चिमा वळली. तिने पायऱ्यांवरची पावलं पाहिली आणि पाण्यातून येऊन त्यांच्या कडेला बसली.

"ऐकलान," ती म्हणाली. "पोरीसाठी ऐकलान, गुरुजी."