लाल पट्टीवरचा नंबर

आज सकाळी साडेअकराला मी सरांचा नंबर पुसून टाकला.

माझ्या फोनमधून नाही. तो माझ्या हातून पुसला जाणार नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमधून पुसला. तोही त्यांच्या पहिल्या पुण्यतिथीला. ऑफिसात कुणाच्या लक्षात नव्हतं. फक्त माझ्या होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे बसवराज सर होटगीचे, रेल्वेतल्या पॉइंट्समनचा मुलगा. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची कंपनी त्यांनी सोलापुरात काढली. सूत किती आलं, माल किती विणला, गाडीत किती भरला, सगळं त्यात.

पहिल्या कारखान्याला प्रोग्रॅम देताना त्यांनी एक लाल पट्टी बनवली होती. काही अडकलं की ती स्क्रीनवर यायची.

"अडलं तर मला फोन करा."

खाली त्यांचा स्वतःचा मोबाईल नंबर.

तेव्हा गिऱ्हाईक एकच होतं, चालून गेलं. पुढे तोच प्रोग्रॅम सगळ्यांना जात राहिला आणि पट्टी काढायची राहूनच गेली. अर्ध्या एमआयडीसीचे फोन मालकाच्या खिशात वाजायला लागले.

आम्ही म्हणायचो, सर, काढूया की तो नंबर.

"राहू दे की. फोन आल्याशिवाय आपलं कुटं चुकलं ते कळणार कसं?"

फोन ते स्वतः उचलायचे, पण उत्तर स्वतः द्यायचे नाहीत. ज्याने ती स्क्रीन लिहिली असेल त्याच्या टेबलावर मोबाईल आणून ठेवायचे. स्पीकर चालू.

माझ्या टेबलावर तो पहिल्यांदा आला तेव्हा मला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. गाडीबरोबर जाणाऱ्या पावतीची, म्हणजे चलनाची स्क्रीन मी केली होती आणि टॉवेल नगावर मोजले होते. आमच्याकडे टॉवेल जातो डझनावर. साठ डझन माल गाडीत भरून उभा, आणि चलनावर साठ टॉवेल.

पलीकडे मुनीम ओरडत होता. त्याच्या आवाजामागे लूम खडखडत होते.

माझ्या वडिलांचा जन्म लूमवर गेला. आमच्या घरात जेवताना गोष्टी डझनाच्याच. त्या घरची पोर मी, आणि डझनच विसरले. मला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

सर एवढंच म्हणाले, "रडू नको सुजाता. चप्पल घाल, त्याच्याजवळ जाऊन बस. तो कसा मोजतोय ते बघून ये."

गेले. दिवसभर मुनिमाशेजारी बसून टॉवेलच्या गाठी मोजल्या. कॉलेजात चार वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या एका दिवसात कळलं.

गेल्या वर्षी सर गेले. चहाचा कप हातात होता, तसेच गेले.

तिसऱ्या दिवशी घरात माणसं बसलेली असताना त्यांचा फोन वाजला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सरांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी उचलला. मी शेजारीच होते.

"ते बाहेर गेलेत," वहिनी म्हणाल्या. "काय अडलंय सांगा, लिहून घेते."

मला राहवलं नाही. असं का सांगितलंत, म्हणून विचारलं.

"त्याची गाडी भरून उभी हाय म्हणाला. त्याला मयताचं सांगत बसू व्हय?"

तेव्हापासून वर्षभर हेच. वहिनी मैंदर्गीच्या, कन्नड शाळेत शिकलेल्या. वहीत कन्नडमध्ये लिहून घ्यायच्या आणि मला फोनवर मराठीत वाचून दाखवायच्या. मी चूक सुधारून द्यायचे. ते बाहेर गेलेत, हे त्यांनी कधी बदललं नाही.

मग पुण्याहून नवे सीईओ आले. सरांच्या वेळी हा शब्द ऑफिसात कुणी उच्चारलाही नव्हता.

माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या देऊन मोकळी झाले असते.

"सुजाता मॅडम, उद्या आपली गिऱ्हाईकं गुजरातेत असतील, तमिळनाडूत असतील. सगळी कंपनी एका घरातल्या मोबाईलवर कशी चालेल?"

आता पट्टीच्या जागी 'तक्रार नोंदवा' असं बटण. पहिलं उत्तर मशीन देणार.

त्यांचं बरोबर आहे. कंपनी मोठी होईल. सरांच्या हातून झाली नसती एवढी होईल कदाचित.

पण त्या घरात दिवसातून चार-पाच वेळा कुणीतरी "सर आहेत का?" म्हणून विचारत होतं. ते बंद होणार होतं आणि बंद करणारी मी होते.

काल संध्याकाळी वहिनींना सांगायला गेले.

"काढ की. मी काय जन्मभर फोन घेत बसणार हाय?"

चहा झाला. मग म्हणाल्या, "मला एकदा दाखव ती. वर्षभर ऐकतीय, लाल पट्टी आली, लाल पट्टी आली. मी कुटं बघितलीय?"

मी लॅपटॉप उघडला आणि मुद्दाम चुकीचा आकडा टाकला. पट्टी आली.

वहिनींनी अक्षरांवर बोट ठेवून वाचलं. अडलं तर मला फोन करा.

मग स्वतःचा मोबाईल घेतला आणि स्क्रीनवर बघत बघत एकेक आकडा दाबला. नंबर त्यांना पाठ होता, तरी बघून.

फोटोखाली ठेवलेला सरांचा फोन वाजला.

आम्ही दोघी बघत बसलो. वाजून वाजून तो आपोआप बंद झाला.

"बाहेर गेलेत," वहिनी म्हणाल्या.

आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.

आज साडेअकराला ती ओळ मी काढली. दुपारपर्यंत अपडेट सगळीकडे पोचलं. नव्या साहेबांनी 'वेल डन' पाठवलं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला होता. म्हणाल्या, दुपारपासून एकपण फोन आला नाही गं.

सर, तुम्हाला साश्रू नमस्कार.

माझं चुकलं तर अजूनही चप्पल घालून जाईन. मशीनला काय सांगायचंय ते सांगू दे.